दिवाळीच्या सुट्टीत माथेरान

नमस्कार मंडळी! ऑक्टोबर हीटने जीव नकोसा झालाय, पंखा पाचवर ठेवला तरी घामाच्या धारा थांबत नाहीत, आणि घरोघरी सुट्टीच्या प्लॅनिंगवरनं वादावादी सुरू झाली असेल, पोरांना मनाली पायजे, आजी-आजोबांना गाणगापूर आणि बजेट बघितलं तर दोन्ही अवघड. म्हणून आज एकदम हाकेच्या अंतरावरचं ठिकाण सांगतो, माथेरान. हो हो, माहितीये, तुम्ही म्हणाल बघितलंय की, शाळेची सहल गेली होती. पण सकाळी जाऊन संध्याकाळी परत आलेल्याला मी माथेरान बघितलं असं म्हणूच देत नाही.

तिथे जायचं तर दसरा झाल्यावर. जुलैत गेलात तर पॉइंटवर उभं राहून समोर फक्त पांढरं धुकं दिसतं आणि अंगावरचे कपडे वाळत नाहीत, मे महिन्यात गेलात तर माणसांची ही गर्दी आणि ती लाल धूळ अशी उडते की नाकातोंडात जाते. पाऊस सरल्यावर मात्र मजा असते. हवा धुऊन निघालेली, शार्लोट लेक भरलेला, रान अजून हिरवंगार, आणि कड्याच्या काठाने गवतात सोनकीची पिवळी फुलं. खाली नेरळ-कर्जतच्या बाजूला भात पिवळं पडायला लागलेलं असतं, कापणीच्या खाचरांचे तुकडे वरनं स्पष्ट दिसतात. रात्री पातळ शाल लागते. उंची तशी फार नाही, ८०० मीटरच्या आसपास, पण नेरळ स्टेशनला घाम पुसत उतरलेल्या माणसाला तेवढा फरक पुरतो.

आता पोचायचं कसं. मुंबईहून कर्जत लोकल, नेरळला उतरायचं, पुण्याकडच्यांनी कर्जतला उतरून पुढे नेरळला लोकलने यायचं. नेरळहून टॉय ट्रेन आहे, पावसाळ्यात ती वरपर्यंत जात नाही, पाऊस सरल्यावर सुरू होते, पण निघण्याआधी चौकशी केलेली बरी, कारण तो ट्रॅक पावसापुढे हात टेकतो. २६ जुलै २००५ च्या पावसात असा वाहून गेला की गाडी परत धावायला २००७ उजाडलं, मग २०१९ च्या पावसात पुन्हा तेच, ती एकदम ऑक्टोबर २०२२ मधे सुरू झाली. आदमजी पीरभॉय या घराण्यातल्या अब्दुल हुसेन यांनी हा मार्ग बांधायला घेतला १९०४ ला आणि १९०७ ला गाडी सुरू झाली, खर्च १६ लाख, तेव्हाचे बरं का, तेही घराण्याच्या पैशातनं! दोन रुळांमधे जागा फक्त दोन फूट, मार्गाची लांबी सुमारे २० किलोमीटर, आणि डोंगर फोडून सरळ चढायचं सोडून ही गाडी वळणं घेत घेत जाते, त्यामुळे बोगदा फक्त एकच, त्याचं नाव वन किस टनेल, का ते नवऱ्याला विचारा. दोन-अडीच तास जातात. घाई असेल तर शेअर टॅक्सी करा, पण मग वाटेतला कड्यावरचा गणपती आणि जुम्मापट्टी, वॉटर पाईप ही इवली इवली स्टेशनं हुकतात.

टॅक्सी असो की तुमची स्वतःची लाखांची गाडी, दस्तुरीला सगळ्यांना उतरावंच लागतं. पुढे मोटारीला बंदी. इंग्रजांच्या काळापासनं चालत आलेली ही गोष्ट, आणि २००३ साली केंद्र सरकारने माथेरानचा परिसर इको सेन्सिटिव्ह झोन, म्हणजे पर्यावरणाच्या दृष्टीने नाजूक भाग, म्हणून जाहीर केल्यावर तर पक्कंच झालं. दस्तुरीपासून बाजार अडीच-तीन किलोमीटर. चालत जा, नाहीतर अमन लॉज स्टेशनहून शटल ट्रेन घ्या, नाहीतर घोडा. पहिल्या पंधरा मिनिटांत लोक कुरकुरतात, मोबाईल काढून रेंज बघतात, आणि मग हळूहळू लक्षात येतं की हॉर्न नाहीये. एकही नाही. आपण शहरातली माणसं दिवसभर हॉर्न ऐकून इतकी निबर झालोय की तो नसला की आधी कान शोधतात त्याला.

पण थांबा. गाडी नाही म्हणजे ओझं नाही असं नसतं ना! हॉटेलात तुम्ही जी भाजी खाता, जो गॅस जळतो, बाथरूमला नवीन टाइल बसवलीये, ते सगळं दस्तुरीहून वर आलंय, कुठे घोड्याच्या पाठीवर, कुठे हातगाडीवर, कुठे बाईच्या डोक्यावर. दस्तुरीला उभं राहून दहा मिनिटं नुसतं बघा. हमाल बायका चुंबळ ठेवून वर दोन दोन सुटकेसा रचतात, आणि पाठीमागनं सुटकेसचा मालक रिकाम्या हाताने धापा टाकत चाललेला. हातरिक्षाही वर्षानुवर्षं दिसायच्या, एक माणूस पुढे ओढायचा आणि मागनं दोघं ढकलायचे, आत एक धष्टपुष्ट गृहस्थ कणीस खात बसलेले. मला ते बघवायचं नाही, आणि तिथल्या रिक्षावाल्यांनाही नकोच होतं, त्यांनीच ई-रिक्षासाठी कोर्टात भांडण केलं. सुप्रीम कोर्टाच्या परवानगीने डिसेंबर २०२२ मधे ई-रिक्षांची चाचणी सुरू झाली आणि ऑगस्ट २०२५ मधे तर कोर्टाने सहा महिन्यांत हातरिक्षा बंद करा असाच आदेश दिला. घोडेवाल्यांचा ई-रिक्षाला विरोध आहे, त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे, तेही खोटं नाही. मला विचाराल तर ई-रिक्षा याव्यात, म्हाताऱ्यांसाठी, पेशंटसाठी, शाळेच्या पोरांसाठी याव्यात. पण त्या वाटेने उद्या मोटार येता कामा नये, एवढंच.

इतिहासाचं म्हणाल तर पुस्तकात एक वाक्य ठरलेलं, मे १८५० मधे ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट साहेबांनी माथेरानचा शोध लावला. धनगर, ठाकर, कातकरी तिथे आधीपासनं होते, पण असो. मग गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन आले, साहेबांचे बंगले झाले, मागनं मुंबईच्या पारशी आणि बोहरी शेठ लोकांचे झाले. ते बंगले अजून आहेत, रुंद व्हरांडा, उतरतं छप्पर, फाटकावर पुसट झालेलं नाव, काही नीट राखलेले आणि काहींच्या अंगणात वानरांचं राज्य. पॉइंटची नावं पण साहेबांचीच, लुईसा, अलेक्झांडर, गारबट. एक नाव मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. भाई कोतवाल, विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, याच माथेरानला १ डिसेंबर १९१२ ला नाभिक कुटुंबात जन्मले, शिकून वकील झाले, बेचाळीसच्या चळवळीत आझाद दस्ता नावाची भूमिगत तुकडी काढून विजेचे मनोरे पाडले आणि २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर पोलिसांच्या गोळीने गेले. लेकरांना घेऊन जाल तेव्हा घोड्याच्या फेरीआधी हे सांगा.

आणि ती घोडेवाल्यांची 'बारा पॉइंट, पंधरा पॉइंट' वाली फेरी करू नका. प्रत्येक ठिकाणी तीन मिनिटं, सेल्फी, चला पुढे! त्यापेक्षा दिवसाला दोन जागा पुरे. पहाटे पॅनोरमा पॉइंट, अंधारात निघावं लागतं, टॉर्च न्या. संध्याकाळी पॉर्क्युपाइन, समोर प्रबळगड आणि कलावंतीणीचा सुळका, सूर्य त्यांच्या बाजूला उतरतो. मधल्या वेळात शार्लोट लेकवरून पिसारनाथाच्या देवळात जाऊन या. रानात मान वर करून चाला, जांभळीच्या शेंड्याला शेकरू, म्हणजे मोठी खार, दिसेल, तांबूस, हातभर शेपटीची, या फांदीवरनं त्या फांदीवर उडी मारताना पानं खळखळतात तेव्हाच कळतं. खाली मात्र माकडांपासून सावध, हातात प्लॅस्टिकची पिशवी दिसली की ती त्यांचीच समजायची. ओरडू नका, खायला तर मुळीच देऊ नका.

चप्पल साधी घाला, पांढरे बूट नकोतच, ती लाल माती धुण्याला जुमानत नाही. खरं तर चामड्याची चप्पल तिथेच बाजारात घ्या, माथेरानची चप्पल आणि चिक्की दोन्ही घेतल्याशिवाय कुणी परत येत नाही. चिक्की चाखून घ्या, दुकानदार देतात तुकडा.

आता शेवटची सूचना, ही लिहूनच घ्या. दिवाळीत भाऊबीज झाल्यानंतरच्या शनिवार-रविवारी अजिबात जाऊ नका, रेट दुप्पट होतात आणि रविवारी दुपारी परतीची टॅक्सी मिळवायला दस्तुरीला जी रांग लागते तिच्यात दोन दिवसांचा आराम तिथेच संपतो. सोमवारी दुपारी वर जा, बुधवारी सकाळी चेकआऊट करा, हॉटेलवाला खोलीचे पैसेही कमी करेल, विचारून बघा. बरंय मंडळी, निघतो. शुभ दीपावली!