असवान: कालच्याच पायरीवर

[पहाट. नदीच्या पातळीवरून दृश्य. एक फलूका, म्हणजे इथली शिडाची होडी, काठापासून सुटते आहे.]

नाईलवर पाणी एकीकडे जातं आणि वारा दुसरीकडे. नदी दक्षिणेकडून उत्तरेला, समुद्राकडे वाहते. वारा मात्र बहुतेक दिवस उत्तरेकडून येतो. त्यामुळे इथल्या नाखव्याचं गणित सरळ आहे. वर, दक्षिणेला जायचं तर शीड उभारायचं. खाली यायचं तर शीड उतरवायचं आणि सुकाणू धरून बसायचं. प्राचीन इजिप्तच्या चित्रलिपीत ‘दक्षिणेला जाणे’ या शब्दाला शीड उभारलेल्या नावेचं चित्र जोडत, आणि ‘उत्तरेला जाणे’ याला शिडाविना नावेचं. दिशा लिहायची तर आधी शिडाचं ठरवायचं!

ही सोय दक्षिण इजिप्तमधल्या असवान शहरापर्यंतच. शहराच्या दक्षिणेला ग्रॅनाईटचे खडक नदीत आडवे पडले आहेत. हा नाईलचा पहिला प्रपात. प्रपात म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कड्यावरून कोसळणारं पाणी येतं, पण इथे तसं काही नाही. इथे पाणी खडकांच्या फटींतून घुसळत निघतं. नावा इथे थांबायच्या, माल उतरायचा, गाढवांच्या पाठीवर चढायचा. इजिप्त इथे संपायचा आणि पलीकडे नुबिया सुरू व्हायचा. आणि जिथे माल उतरतो तिथे बाजार, जकात आणि चौकी ही तिन्ही आलीच. असवानच्या जुन्या नावाचा अर्थही व्यापाराशीच जोडतात.

[एलिफंटाईन बेट. दगडी पायऱ्या पाण्यात उतरत गेलेल्या. कॅमेरा हळूहळू खाली.]

शहरासमोर नदीच्या मधोमध एलिफंटाईन बेट आहे. त्याच्या काठावर दोन भिंतींमधून एक अरुंद जिना थेट नदीत उतरतो. पाणी भरायला किंवा आंघोळीला केलेला हा घाट नव्हे. हे मोजमापाचं यंत्र आहे, नाईलमापक. भिंतींवर रेघा कोरल्या आहेत, वेगवेगळ्या काळांतल्या, वेगवेगळ्या लिप्यांत. दर उन्हाळ्यात इथिओपियाच्या डोंगरांतल्या पावसाचं पाणी गाळ घेऊन यायचं. ते इजिप्तमध्ये सगळ्यांत आधी पोहोचायचं इथे. पुजारी आणि कारकून रेघ बघायचे आणि कळवायचे, यंदा पाणी अमुक हात.

प्लिनी या रोमन लेखकानं या हातांचा अर्थ लिहून ठेवला आहे. बारा हात पाणी म्हणजे दुष्काळ. तेरा हात, तरी पोट रिकामंच. चौदाला चेहऱ्यावर हसू. पंधराला निश्चिंती, आणि सोळाला चैन. सरकार शेतसाराही याच रेघांवरून ठरवायचं. आपल्याकडे आणेवारी लागते तसंच हे, फक्त पीक उभं राहण्याच्या कितीतरी आधी लागलेली. शेतकरी बी पेरायच्या आत वसुलीचा आकडा तयार!

[मातीच्या विटांचे अवशेष. घरांच्या भिंती गुडघाभर उरलेल्या.]

याच बेटावर इसवी सनाआधीच्या पाचव्या शतकात ज्यू सैनिकांची वसाहत होती. राज्य इराणच्या बादशहांचं, सरहद्द इजिप्तची, पहारा ज्यूंचा आणि कागदपत्रं आरामाइक भाषेत. कोरड्या हवेमुळे त्यांचे पपायरस, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या कागदावरचे दस्तऐवज, टिकले. त्यांत लढायांचं वर्णन फारसं नाही. घरं आहेत, कर्ज आहे, भाऊबंदकी आहे, शेजारी कोण आणि भिंत कुणाची हे आहे. अननिया नावाचा देवळाचा एक सेवक. त्यानं तामुत नावाच्या इजिप्शियन दासीशी लग्न केलं. इसवी सनपूर्व ४४९ सालचा तो करारनामा आजही वाचता येतो. तामुतनं माहेरून काय आणलं त्याची त्यात यादी आहे: लोकरीचं एक वस्त्र, एक आरसा, वहाणांचा जोड, थोडं एरंडेल. अडीच हजार वर्षांपूर्वीचं हे रुखवत आहे आणि ते एका दासीचं आहे. घटस्फोट झाला तर कोणी काय न्यायचं, हेही त्याच कागदावर लिहून ठेवलं आहे.

पुढे इसवी सनपूर्व ४१० मध्ये या ज्यूंचं देऊळ पाडलं गेलं. शेजारीच खनूम देवाचं मंदिर होतं. मेंढ्याच्या डोक्याचा हा देव कुंभाराच्या चाकावर माणसं घडवतो असं इजिप्शियन मानत. एका देवाला मेंढा पवित्र आणि दुसऱ्या देवाला मेंढ्याचाच बळी. भिंतीला भिंत लागून असल्यावर वाद व्हायला आणखी काय लागतं?

[पश्चिमेचा काठ. वाळूच्या उतारावर कोरलेल्या थडग्यांची दारं.]

पलीकडच्या टेकडीत कोरलेल्या थडग्यांपैकी एक हरखुफचं आहे. चार हजारांहून जास्त वर्षांपूर्वी हा अधिकारी दक्षिणेकडच्या मोहिमांवर जायचा. एकदा परतताना त्यानं एक बुटका नर्तक सोबत आणला. गादीवर तेव्हा दुसरा पेपी होता, अजून लहान मूलच. त्यानं हरखुफला पत्र पाठवलं: लगेच नावेनं निघ, त्याला घेऊन ये, तो पाण्यात पडू नये म्हणून चांगली माणसं आजूबाजूला ठेव, रात्री तो झोपला की दहा वेळा उठून बघ. बालराजाची ही घाई हरखुफला इतकी आवडली की त्यानं ते पत्र स्वतःच्या थडग्याच्या दर्शनी भिंतीवर कोरून घेतलं.

असवानच्या ख्यातीत एक विहीरही आहे. वर्षातल्या सगळ्यांत मोठ्या दिवशी, भर दुपारी इथल्या विहिरीच्या तळाशी ऊन पोहोचतं, हे अलेक्झांड्रियातल्या इरॅटोस्थेनीस या ग्रीक विद्वानाच्या कानावर आलं होतं. त्याच वेळी अलेक्झांड्रियात सावली पडते, ती वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाइतकी कललेली. दोन शहरांमधलं अंतर पाच हजार स्टेडिया (अंतराचं जुनं ग्रीक माप) धरून त्यानं पन्नासनं गुणलं आणि पृथ्वीचा घेर काढला. असवान कर्कवृत्तावर नेमकं नाही, किंचित उत्तरेला आहे. तरी उत्तर खऱ्याच्या आसपास आलं.

[समाधीची गुलाबी दगडी भिंत. खाली नदी.]

त्याच काठावर, जरा पुढे, पुण्याच्या माणसाची पावलं थबकावीत अशी एक वास्तू आहे. इस्माइली मुस्लिमांचे धर्मगुरू तिसरे आगाखान इथे चिरविश्रांती घेत आहेत. पुण्यातला आगाखान पॅलेस यांनीच बांधला, १८९२ मध्ये, दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून. त्याच वाड्यात पुढे गांधीजी स्थानबद्ध होते आणि कस्तुरबा गेल्या. आगाखान हिवाळ्यात असवानला येत. १९५७ मध्ये ते गेल्यावर त्यांच्या बेगम रोज एक लाल गुलाब समाधीवर ठेवत, असं शहरात अजून सांगतात. वाळवंटात रोज ताजा गुलाब! कोणत्या तरी माळ्याची फार ओढाताण झाली असणार.

[धरण. वरून दृश्य. एका बाजूला अथांग पाणी, दुसऱ्या बाजूला बारीक नदी.]

आता धरणाकडे. इंग्रजांनी पहिलं धरण १९०२ मध्ये पुरं केलं. मग त्याची उंची दोनदा वाढवली, १९१२ आणि १९३३ मध्ये. दर वेळी वरच्या अंगाच्या नुबियन गावांत पाणी शिरलं, खजुरीची झाडं बुडाली आणि लोकांनी उतारावर आणखी वर घरं बांधली.

मग आलं उंच धरण. १९५६ मध्ये अमेरिकेनं पैसे द्यायला नकार दिला, इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी सुएझ कालव्याचं राष्ट्रीयीकरण केलं आणि बांधकामाला पुढे सोव्हिएत मदत आली. १९६० ते १९७० या दहा वर्षांत १११ मीटर उंच आणि पायाशी जवळजवळ एक किलोमीटर रुंद अशी ही भिंत उभी राहिली. मागे सुमारे ५०० किलोमीटर लांबीचा जलाशय पसरला. ऐंशीच्या दशकात इथिओपियात पाऊस हटला, तेव्हा याच साठ्यानं इजिप्तला तारलं, हे कोणीही नाकारत नाही. पण गाळ अडला. शेतात फुकट येणारी काळी माती थांबली आणि खताची पोती आली.

पाण्याखाली जाणाऱ्या देवळांसाठी जग धावलं. अबू सिंबेलचे डोंगरात कोरलेले पुतळे कापून ६५ मीटर वर नेले. फिलेचं मंदिर शेजारच्या बेटावर पुन्हा जुळवलं. इसवी सन ३९४ मधला चित्रलिपीतला आपल्याला माहीत असलेला शेवटचा लेख याच मंदिरातला. भारताचं पथकही १९६२ मध्ये पुरातत्त्वज्ञ बी. बी. लाल यांच्या नेतृत्वाखाली नुबियात उत्खननाला आलं होतं.

माणसांसाठी मात्र रांगेत बांधलेली घरं होती. १९६३-६४ मध्ये इजिप्तमधल्या सुमारे ५० हजार नुबियनांना असवानच्या उत्तरेला, कोम ओम्बोजवळ हलवलं. आपल्याकडे कोयनेचं पाणी ज्या काळात गावं गिळत होतं, तोच हा काळ. धरणग्रस्त हा शब्द मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. नुबियन या विस्थापनाला तहजीर म्हणतात. नव्या वस्त्यांना जुन्याच गावांची नावं दिली, पण नदी दारात नव्हती. पहिल्या काळात लहान मुलं आणि म्हातारी माणसं फार दगावली. जुन्या घरांच्या भिंती मातीच्या असत, दारावर रंगीत चित्रं आणि गिलाव्यात बसवलेल्या चिनी मातीच्या बशा. सिमेंटच्या सारख्या खोल्यांवरही बायकांनी तेच रंग काढायला घेतले.

[सकाळ. गल्ली. वाफाळणारं मोठं भांडं.]

असवानची सकाळ ‘फूल’ खाऊन सुरू होते. नावावर जाऊ नका, ही रात्रभर मंद आचेवर शिजलेली बाकल्याच्या दाण्यांची उसळ. वर तेल, लिंबू, जिरं. सोबत रोटी. इजिप्तमध्ये रोटीला ‘ऐश’ म्हणतात आणि ऐश म्हणजे जगणं. इथल्या खेड्यांत ‘ऐश शम्सी’ करतात. कणकेचे गोळे मातीच्या तबकड्यांवर ठेवून उन्हात मांडतात, ते फुगले की भट्टीत. उन्हाची इथे कमी नाही. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर असतो आणि दुपारी बाजार झोपतो.

पाऊस जवळपास पडतच नाही. पडला तर गोंधळ. नोव्हेंबर २०२१ मध्ये वादळी पाऊस आणि गारा आल्या, बिळांत पाणी शिरलं आणि विंचू घरांत घुसले. शेकडो लोकांना डंख झाले.

[रात्र. बाजार. पोत्यांत गडद लाल बोंडं.]

बाजाराला खरी जाग रात्री येते. शेंगदाणे, खजूर, मसाले आणि पोती भरभरून कर्कदे. आपली लाल अंबाडी, तिचीच वाळवलेली बोंडं. उकळून साखर घातली की गडद लाल आंबटगोड पेय. विदर्भात अंबाडीच्या बोंडांचं सरबत प्यायलेला माणूस इथे पहिल्याच घोटाला ओळख सांगेल. गर्दीत सुदानी बोलणं पूर्वीपासून कानावर पडायचं. उत्तरेला दराव गावात उंटांचा बाजार भरतो आणि उंट सुदानमधून येतात. एप्रिल २०२३ मध्ये तिकडे युद्ध पेटल्यावर सीमा ओलांडलेली हजारो कुटुंबं आधी असवानलाच टेकली.

[धक्का. प्रवासी नाव. पिवळा दिवा.]

एलिफंटाईनला जाणारी रात्रीची नाव. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या. एकीच्या मांडीवर रोट्यांची पिशवी, तिच्या खांद्यावर झोपलेलं मूल. बेटावर आजही दोन नुबियन वस्त्या आहेत. नाव काठाला लागते तिथून नाईलमापक लांब नाही. त्या रेघांना आता कुणाला काही विचारायचं नसतं. पाणी किती सोडायचं हे धरणावर ठरतं, आणि आज ते कालच्याच पायरीवर आहे.