बाणाच्या दिशेने

(दृश्य: पंप हाऊस, मार्च महिना. बंद पंपाचे कपलिंग)

हा पंप बंद आहे. स्टार्टरवरचा हिरवा दिवा विझलेला आहे. तरीही कपलिंगवर, म्हणजे पंप आणि मोटरच्या सांध्यावर, खडूने मारलेली ही पांढरी रेघ बघा, सावकाश वर येते आणि पुन्हा खाली जाते. पंप उलटा फिरतोय. शेजारच्या चालू पंपाने सगळ्या पंपांच्या सामाईक पाइपात, हेडरमध्ये, चढवलेले पाणी या बंद पंपातून मागे पळते आहे, कारण मधला एनआरव्ही, म्हणजे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, नीट बसत नाही.

अशा उलट्या फिरणाऱ्या पंपाचे बटण कोणी दाबले, तर शाफ्ट तुटू शकतो, मोटर जळू शकते.

(दृश्य: ऑफ सीझन. पत्र्यावर पाऊस, चेन ब्लॉकवर टांगलेले व्हॉल्व्हचे झाकण, बोनेट)

पश्चिम महाराष्ट्रातला हा साखर कारखाना. गळीत संपले आहे, बॉयलर थंड आहेत. हंगामात या इंजेक्शन पंपांवर कंडेन्सरची, म्हणजे वाफेचे पाणी करणाऱ्या भांड्याची, सगळी भिस्त असते, तेव्हा व्हॉल्व्हला हात लावायची सोय नसते. हाताशी असतात ते हेच चार-पाच महिने.

आधी बोनेटचे बोल्ट, समोरासमोरचे, एकेक करत सैल. मग गॅस्केट खरवडून काढायचे. आत बारा इंची पान, म्हणजे पाणी अडवणारी चकती, एका हातावर टांगलेले आहे. पाणी पुढे गेले की ते वर उचलले जाते, थांबले की स्वतःच्या वजनाने सीटवर पडते. एवढेच त्याचे काम. ना हँडल, ना मोटर, ना बाहेरून दिसणारी काही खूण. म्हणूनच ते बिघडले तरी महिनोन्महिने कळत नाही.

(दृश्य: फिटरच्या तळहातावर हिंज पिन, अगदी जवळून)

पान जिच्यावर झुलते ती ही पिन गोल होती. आता मधोमध खाच पडली आहे, नख अडकते. ज्या भोकात ती बसते, ते अंड्यासारखे लांबट झाले आहे. पान खाली सरकले, सीटच्या एका कडेला फट राहिली. कपलिंगवरच्या त्या रेघेचे उत्तर या फटीत आहे.

पण पिन झिजली कशामुळे? व्हॉल्व्ह घेताना पाइपचा व्यास बघितला, पाण्याचा वेग बघितला नाही. लाइन बारा इंची म्हणून व्हॉल्व्ह बारा इंची. पाणी मात्र त्या मानाने कमी. पान पूर्ण उघडून स्टॉपरला टेकतच नाही, मध्येच लटकत दिवसरात्र फडफडत राहते. त्यात व्हॉल्व्ह पंपाच्या बेंडला खेटून बसवलेला, म्हणजे पाणी भोवऱ्यासारखे येऊन आदळणार. जाणकार फिटर सांगतात, बेंडनंतर पाइपच्या व्यासाच्या निदान पाचपट सरळ लांबी सोडा. बारा इंचीला पाच फूट. पंप हाऊस बांधताना ते पाच फूट कोणी मागितले नाहीत, याची खंत वाटते.

(दृश्य: जुने छायाचित्र)

कॅलिफोर्नियातल्या सॅन ओनोफ्रे अणुवीज केंद्रात २१ नोव्हेंबर १९८५ रोजी फीड वॉटर लाइनवरचे पाच चेक व्हॉल्व्ह, म्हणजे असेच एनआरव्ही, निकामी निघाले. तिथेही मूळ हीच फडफड.

(दृश्य: स्प्रे पाँड, म्हणजे गरम पाणी फवारून थंड करायचा तलाव, मग डिलिव्हरी लाइनची लांबच लांब चढण)

वीज गेली की या चढणीवरचे पाणी मागे फिरते. पान उशिरा पडले, तर ते त्या उलट्या पाण्यासकट आपटते. अख्खी लाइन हादरते, तोच वॉटर हॅमर. मॉस्कोच्या नळांवर प्रयोग करून निकोलाय झुकोव्हस्की यांनी १८९८ साली मांडलेला हिशोब आजही लागू आहे: सेकंदाला १ मीटर वेगाचे पाणी एकदम अडवले, तर पोलादी पाइपातला दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण १० किलोने चढतो. अशा ठिकाणी स्प्रिंगवाला ड्युअल प्लेट, म्हणजे दोन अर्ध्या पानांचा, व्हॉल्व्ह घ्यावा. त्याच्या पानांना थोडेच अंतर कापायचे असते, पाणी उलटायच्या आत ती मिटतात. वाफेच्या छोट्या लाइनला लिफ्ट टाइप, म्हणजे पान सरळ वर उचलले जाणारा व्हॉल्व्ह, चालतो. शेवाळ, पालापाचोळा येणाऱ्या पाण्यावर मात्र तो नको, अडकून बसतो.

(दृश्य: लॅपिंग, म्हणजे पान सीटवर घासून जुळवणे)

सीटवर ग्राइंडिंग पेस्ट. पान अर्धा वळसा पुढे, अर्धा मागे. पुसायचे, निळा रंग लावायचा, टेकवून उचलायचे. निळ्याचा गोल कुठेही तुटता कामा नये. इथे तुटलाय. पुन्हा पेस्ट. दुपारचे जेवण झाले, तरी हेच चालू आहे.

नवी पिन, नवी बुश. पानाच्या नटाला नवी स्प्लिट पिन, जुनी सरळ करून पुन्हा घालायची नाही. बॉडीवरचा बाण पंपाकडून हेडरकडे आहे ना, हे दोघांनी बघायचे. पिनचे माप वहीत, तारखेसह.

(दृश्य: झेंडूचे तोरण, बॉयलर अग्निप्रदीपन. नंतर पंप हाऊस)

पहिला पंप सुरू झाला. हेडरचा काटा चढला. शेजारच्या बंद पंपाच्या कपलिंगवर फिटरने पुन्हा खडूची रेघ मारली आहे.

रेघ जागेवर आहे.