माझा एक गुंठा

सरांनी ओळख करून देताना मला जमीन-घरांच्या गुंतवणुकीतला ‘जाणकार’ म्हटलं. माझी जाण कुठून आली ते आधी सांगतो. बीकॉम झालो, नोकरी लागली आणि तिसऱ्याच वर्षी चाकणच्या पुढे एक गुंठा घेतला. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. एजंटानं जीपमधून नेलं, शेतात चुन्याची फक्की मारून ठेवली होती, चारी कोपऱ्यांना पांढरे दगड. शंभर रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर नोटरी केली, पेढे वाटले.

मग आत्याचे यजमान म्हणाले, सातबारा दाखव. ते निवृत्त तलाठी. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद डोळ्यांजवळ धरला आणि नावं मोजायला लागले. एकोणीस. विकणारा त्यातला एक, बाकी अठरा जणांची सही नाही. ‘इतर हक्क’ या रकान्यात गावच्या सोसायटीच्या शेतीकर्जाचा बोजा. त्यांनी एवढंच विचारलं, “तू शेतकरी आहेस का रे?”

नव्हतो. कूळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे आपल्याकडे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन सहजासहजी घेता येत नाही. शिवाय १९४७ चा तुकडेबंदी कायदा गुंठ्यागुंठ्यानं शेतजमीन विकायच्या आड येतो. आणि शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीची जागा विकायची तर खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदवावंच लागतं. नोटरीच्या शिक्क्यानं मालकी येत नाही. माझ्या बाबतीत सगळे शंभर रुपये स्टॅम्प पेपरवरच संपले होते!

तेव्हा नोकरीच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत जागा घेऊ नका, जागेचे कागद वाचा. आजोबांच्या गावचा सातबारा महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर आज रात्री मोबाईलवर उघडता येतो. त्यातले फेरफार, म्हणजे नोंदीतल्या बदलांचे, क्रमांक धरून मागे मागे जा. कोण वारलं, वारस कोण लागले, बहिणींची हक्कसोडपत्रं कधी झाली, सगळं घराणं उलगडतं. (घरी जरा जपून विचारा. एका फेरफारावरून आमच्याकडे दिवाळी झाली नव्हती.)

आता फ्लॅट. पुण्यात साठ लाखांचा, बांधकाम चालू असलेला धरू. बँक ऐंशी टक्के देईल, बारा लाख तुमचे. मुद्रांक शुल्क सात टक्के, म्हणजे चार लाख वीस हजार. नोंदणी तीस हजार. जीएसटी पाच टक्के, तीन लाख. साडेएकोणीस लाख खिशातून, तेही पंखा लावायच्या आधी. आईच्या एकटीच्या नावावर घेतला तर मुद्रांकात एक टक्का वाचतो, पण मग कर्जाचं बँकेशी आधी बोलून घ्या. अठ्ठेचाळीस लाखांवर साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता साधारण एकेचाळीस हजार सहाशे. भाडं? वर्षाला किमतीच्या तीन टक्के मिळालं तरी महिन्याला पंधरा हजार. उरलेले सव्वीस हजार सहाशे तुमच्या पगारातून. राहायला घेत असाल तर गोष्ट वेगळी. गुंतवणूक म्हणत असाल तर हा आकडा कागदावर लिहून फ्रीजवर लावा.

बिल्डरचा प्रकल्प महारेराच्या, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर बघा, ताबा कधीचा लिहिलाय तो बघा. करारनामा नोंदवायच्या आधी दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम मागितली तर चहा संपवून उठा. रेरा कायद्याचं कलम १३, तोंडपाठ असू द्या.

फारच हौस असेल तर रीट आहेत, म्हणजे अनेकांचे पैसे गोळा करून भाड्याच्या इमारती घेणारे आणि भाडं वाटून देणारे ट्रस्ट. आपल्या देशात पहिलं रीट २०१९ मध्ये बाजारात आलं. डीमॅट खात्यातून एक युनिटही घेता येतं. त्याचा भाव पडू शकतो, पण निदान अठरा जणांच्या सह्या गोळा करत हिंडावं लागत नाही.

माझ्या गुंठ्याचं काय झालं, असं मागच्या रांगेतून कोणीतरी विचारतंय. गेल्या पावसाळ्यात गेलो होतो. दगड सापडले नाहीत. कांद्याची रोपं टाकली होती. तिथल्या बाईंनी पाणी दिलं आणि विचारलं, “कुणाकडं आलाय?”