मैदान आधी, क्लब नंतर

सहसा आधी क्लब निघतो आणि मग तो मैदान शोधत फिरतो. लिव्हरपूल या इंग्लिश फुटबॉल क्लबच्या बाबतीत उलट झालं. तिथे मैदान आधीपासून होतं, ते ओस पडलं म्हणून क्लब काढावा लागला. त्यामुळे आज मी खेळाडूंबद्दल फारसं बोलणार नाही. जागामालक, भाडं आणि राखेचा एक ढीग, यांच्याबद्दल बोलणार आहे.

ते मैदान म्हणजे ॲनफील्ड. १८८४ मध्ये तिथे खेळायला आला तो एव्हर्टन. हो, लिव्हरपूलचा शहरातलाच प्रतिस्पर्धी एव्हर्टन! सेंट डोमिंगो या चर्चच्या पोरांनी १८७८ मध्ये काढलेला हा क्लब आधी स्टॅन्ली पार्कात खेळायचा. पण सार्वजनिक बागेत तिकीट कसं लावणार? म्हणून त्यांनी कुंपणाची जागा घेतली, तर तिथला मालक गोंगाटाला कंटाळला आणि वर्षभरातच त्यांना बाहेर पडावं लागलं. तेव्हा मदतीला धावला जॉन होल्डिंग. बिअरचा कारखानदार, राजकारणातला वजनदार माणूस आणि क्लबचा अध्यक्ष. त्याने ॲनफील्डची जागा मिळवून दिली आणि वर्षभराने ती स्वतःच विकत घेतली. म्हणजे क्लबचा अध्यक्षच क्लबचा घरमालक झाला. खेळाडू कपडे बदलायचे तेही त्याच्याच सँडन हॉटेलात.

मग भाडं चढू लागलं. वर्षाला १०० पौंड होतं, ते काही वर्षांत २५० वर गेलं. मधल्या काळात एव्हर्टन फुटबॉल लीगच्या संस्थापक क्लबांपैकी एक झाला आणि १८९१ मध्ये ॲनफील्डवर खेळतच लीग विजेताही झाला. होल्डिंगचं म्हणणं असं की क्लब माझ्या जागेवर, माझ्या पैशाच्या आधारावर मोठा झाला, मग मी भाडं का वाढवू नये? क्लबच्या समितीतल्या अनेकांना ती मक्तेदारी वाटत होती. शिवाय त्यातले कित्येक जण चर्चमधले, दारूचा धंदा न आवडणारे आणि राजकारणात त्याच्या विरुद्ध बाजूचे. होल्डिंगला सरसकट खलनायक ठरवतात, ते मला पटत नाही. पण अध्यक्ष आणि मालक या दोन टोप्या एकाच डोक्यावर बसत नाहीत, एवढं खरं.

१८९२ मध्ये एव्हर्टनने चंबूगबाळं उचललं आणि स्टॅन्ली पार्कच्या पलीकडे, मैलभरही लांब नाही अशा ठिकाणी, गुडिसन पार्क उभारलं. होल्डिंगच्या हाती राहिलं रिकामं मैदान. त्याने एव्हर्टन हे नावही ठेवून घेण्याचा प्रयत्न केला. इंग्लंडमधल्या फुटबॉलची नियामक संस्था असलेल्या फुटबॉल असोसिएशनने ते मान्य केलं नाही. नवं नाव घ्यावं लागलं: लिव्हरपूल. संघ जमवायला होल्डिंगचा सहकारी जॉन मॅकेना स्कॉटलंडमधून ‘मॅक’ने सुरू होणाऱ्या आडनावांचे इतके खेळाडू घेऊन आला की लोक त्या संघाला ‘मॅक मंडळींचा संघ’ म्हणू लागले.

आता तो राखेचा ढीग. १९०६ मध्ये क्लबने दुसऱ्यांदा लीग जिंकली आणि गोलपोस्टमागे राख-मातीचा उंच बांध घातला, प्रेक्षकांना उभं राहायला. अर्नेस्ट एडवर्ड्स या स्थानिक क्रीडा संपादकाने त्याला नाव सुचवलं: स्पायन कॉप, म्हणजेच थोडक्यात कॉप. हे नाव दक्षिण आफ्रिकेतल्या एका टेकडीचं. जानेवारी १९०० मध्ये बोअर युद्धात तिथे लँकेशायरचे, म्हणजे लिव्हरपूल तेव्हा ज्या परगण्यात होतं तिथले, अनेक सैनिक मारले गेले होते. त्याच रणभूमीवरून जखमींना डोलीत घालून वाहून नेणाऱ्यांमध्ये मोहनदास गांधी नावाचे एक बॅरिस्टर होते, त्यांच्या भारतीय शुश्रूषा पथकासह. कॉपवर गाणाऱ्या गर्दीतल्या किती जणांना हे ठाऊक असेल!

१९२८ मध्ये त्यावर छप्पर चढलं. सुमारे २८ हजार माणसं त्या एका उतारावर खेटून उभी राहायची. गर्दी लाटेसारखी खाली यायची, पाय जमिनीवर टेकायचे नाहीत. याच्या रम्य आठवणी पुष्कळ सांगितल्या जातात. १५ एप्रिल १९८९ ला शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूलचे ९७ प्रेक्षक चेंगराचेंगरीला बळी पडले, त्यानंतर त्या आठवणी ऐकताना अंगावर काटा येतो. त्या दुर्घटनेच्या चौकशीच्या टेलर अहवालाने मोठ्या क्लबांना सगळ्या जागा बसायच्या करायला लावल्या. ३० एप्रिल १९९४ ला कॉपवर प्रेक्षक शेवटचे उभे राहिले, आणि त्या सामन्यात नॉरिच क्लबकडून लिव्हरपूल ०-१ ने हरला. नव्या कॉपवर खुर्च्या बसल्या साडेबारा हजारांच्या आतबाहेर.

पुढे मैदान वाढवायचं तर चहूबाजूंनी वस्ती. २०१६ च्या मोठ्या स्टँडसाठी मागच्या गल्लीतली घरं पाडावी लागली. २०२४ मध्ये ॲनफील्ड रोडकडची बाजू पूर्ण झाली आणि आसनसंख्या ६१ हजारांवर गेली. एवढा खर्च, एवढं लोखंड. तरी फेब्रुवारी १९५२ मध्ये वुल्व्हज क्लबविरुद्ध एफए कप या बाद फेरीच्या स्पर्धेतल्या सामन्याला आलेली ६१,९०५ माणसं आजच्या ॲनफील्डमध्ये मावायची नाहीत. सहाशेच्या वर लोक बाहेरच राहतील.