चाकू खिशातला की कपाटातला?

[दृश्य: काचेच्या पेटीत मांडलेला भला मोठा चाकू. सगळी पाती उघडी.]

इंग्लंडमधल्या शेफील्ड शहरात कटलर्स हॉल नावाची एक भारदस्त इमारत आहे. हा चाकू तिथला. याचं नाव नॉरफोक नाइफ. मोत्याच्या शिंपल्याची मूठ, पाती आणि अवजारं मिळून ७५, आणि पात्यांवर कोरलेली चित्रं. जोसेफ रॉजर्स अँड सन्स या कंपनीनं तो १८५१ साली लंडनला भरलेल्या मोठ्या प्रदर्शनासाठी घडवला. यानं कधी कुणी सफरचंद कापलं नसणार, आणि त्याबद्दल कुणाला वाईटही वाटत नाही. तो केलाच मुळी लोकांनी तोंडात बोटं घालावीत म्हणून.

याच कंपनीनं त्याआधी, १८२२ साली, याहून अचाट प्रकार केला होता. चक्क १८२२ पात्यांचा चाकू. नवं वर्ष लागलं की त्यात एक पातं वाढवायचं, अशी प्रथाही पाडली. असल्या चाकूंच्या बाबतीत वापरू की जपू, असा पेच पडत नाही. तो पडतो तळहातावर मावणाऱ्या चाकूंपाशी.

[दृश्य: घडीचा चाकू. अंगठ्याच्या नखानं पातं उघडतं. खट्. मिटतं. पुन्हा खट्.]

हा आवाज नीट ऐका. चाकू जमवणारी माणसं याच्यावर जीव टाकतात. मुठीच्या पाठीत एक पोलादी पट्टी असते, ती या चाकूची स्प्रिंग. पात्याचं बूड तिला घासत फिरतं. पातं पूर्ण उघडलं किंवा पूर्ण मिटलं, की पट्टी आपल्या जागी बसते आणि खट् वाजतं. याला खटका नाही, कुलूप नाही. पातं जागेवर राहतं ते त्या पट्टीच्या दाबावर. दाब जास्त झाला तर उघडताना नख मोडेल, कमी पडला तर पातं लटपटेल. म्हणून कारागीर पातं बसवतो, काढतो, कानशीचे दोन हात मारतो, पुन्हा बसवून बघतो. मन भरलं की मगच रिबिट ठोकतो.

आपल्याकडे चाकू म्हटलं की हिंदी सिनेमातला रामपुरी डोळ्यांपुढे येतो. तो जरा बाजूला ठेवा. हा चाकू पेन्सिल तासायचा, फळ सोलायचा, सुतळी कापायचा. तीन इंचांपर्यंत धार असलेला आणि उघडल्यावर अडकून न बसणारा घडीचा चाकू ब्रिटनमध्ये आजही खिशात बाळगता येतो, कायदा आड येत नाही.

[दृश्य: शेफील्ड. नदीकाठची जुनी पाणचक्की, दगडी साण.]

चाकूसुऱ्यांचा धंदा या गावात कित्येक शतकांचा. १६२४ साली तर पार्लमेंटनं कायदा करून इथल्या कारागिरांचा संघ स्थापन केला. १७४० च्या दशकात बेंजामिन हंट्समन यांनी मुशीत पोलाद वितळवायची रीत बसवली आणि सगळीकडे सारख्या कसाचं पोलाद मिळू लागलं. टेकड्यांवरून येणाऱ्या नद्यांवर पाणचक्क्या होत्या आणि पाणचक्क्यांवर दगडाच्या साणा फिरत. साणेवर बसणारे लोक त्या दगडाची धूळ छातीत भरून तरुणपणीच मरत. सुंदर चाकूचं कौतुक चाललेलं असताना हे सहसा कुणी बोलत नाही.

रॉजर्सचा शिक्का म्हणजे एक चांदणी आणि एक माल्टीज क्रॉस. तो १६८२ सालचा. या शिक्क्याचा माल हिंदुस्थानातही भरपूर उतरला. तुमच्या घरात पणजोबांच्या लिखाणाच्या पेटीत असा चाकू निघाला, तर त्यात नवल नाही. बोरू तासायला धार लागायचीच.

[दृश्य: कामाचा बाक, शेगडा, कानशी, अर्धवट जुळवलेला चाकू.]

या परंपरेतलं आपल्या काळातलं सर्वांत मोठं नाव म्हणजे स्टॅन शॉ. जन्म १९२६. युद्धाच्या दिवसांत, मिसरूड फुटायच्या आत, ते इबरसन या चाकू करणाऱ्या कंपनीत कामाला लागले आणि म्हातारपणीही बाकावर बसून चाकूच करत राहिले. २०१७ साली त्यांना ब्रिटिश एम्पायर मेडल मिळालं. २०२१ मध्ये ते गेले. शेफील्डमध्ये अशा स्वतंत्र कारागिराला ‘लिटल मेस्टर’ म्हणतात. मोठ्या इमारतीतली एखादी खोली भाड्यानं घ्यायची, हत्यारं आपली, गिऱ्हाइकं आपली, वरती मालक नाही. शॉ यांच्याकडे मागणी नोंदवली की वर्षानुवर्षं वाट पाहावी लागे. शिंपल्याच्या, सांबरशिंगाच्या मुठी, आतून पितळी अस्तर, पट्टीच्या पाठीवर कानशीनं काढलेली नक्षी.

आता सांगा, एवढी वाट बघून हातात आलेल्या चाकूचं माणूस काय करतो? मऊ फडक्यात गुंडाळतो आणि कपाटात ठेवून देतो.

त्याला वेड्यात काढायचं कारण नाही. पातं एकदा साणेला लागलं, की मूळ चकाकी गेली ती गेली. शेफील्डची उंची झिलई क्रोकसनं करत. क्रोकस म्हणजे लोहाच्या ऑक्साइडची अतिशय बारीक भुकटी. घरी बफ मारून ती परत येत नाही. उलट कडा गोलटतात आणि बुडावरचा शिक्का पुसट होतो. आणि शिक्का म्हणजे चाकूचा जन्मदाखला. अमेरिकेतल्या केस कंपनीचंच बघा. १९७० साली त्यांनी शिक्क्याखाली दहा ठिपके द्यायला सुरुवात केली, आणि पुढे दरवर्षी एकेक कमी करत गेले. हौसेनं पॉलिश मारताना त्यातला एक ठिपका घासला गेला, तर चाकूचं वयच बदललं.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. मनसोक्त वापरलेल्या जुन्या चाकूचं पातं साणेवर झिजून झिजून अर्धं उरलेलं असतं. कारागिरानं त्याला मुळात कोणता आकार दिला होता, टोक कुठे होतं, पोट किती होतं, काही सांगता येत नाही. सगळेच चाकू असे वापरून संपले असते, तर तो आकार आज कुणालाच ठाऊक नसता. न वापरलेला चाकू हा पुरावा असतो. इथपर्यंत मी संग्राहकांच्या बाजूनं आहे.

पुढे मात्र नाही. कारण बहुतेकांच्या डोक्यात जपणं म्हणजे कपाट, आणि कपाटात चाकू आपोआप जपला जात नाही.

[दृश्य: पिवळसर, चिरा पडलेली सेल्युलॉइडची मूठ. जवळून.]

सेल्युलॉइडची मूठ बघा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत या मुठींची चलती होती. हस्तिदंतासारखं दिसणारं, कासवाच्या पाठीसारखं दिसणारं, लाल-हिरव्या लाटांचं, हवं ते यात मिळे. सेल्युलॉइड म्हणजे नायट्रिक आम्लाची प्रक्रिया केलेला सेल्युलोज आणि कापूर. हा पदार्थ आयुष्यभर हळूहळू विघटित होत असतो. त्यातून नायट्रोजनचे वायू निघतात, हवेतल्या ओलाव्याशी मिळून त्यांचं पुन्हा आम्ल होतं, आणि ते आम्ल पहिल्यांदा आपल्याच पात्याला खातं. पितळ हिरवं पडतं, मुठीला बारीक चिरा जातात. चाकू बंद डबीत असेल तर वायूला वाट नसते आणि सगळं आणखी वेगानं घडतं. त्यातून त्याच डबीत शेजारी शिंपल्याच्या मुठीचा एखादा निर्दोष चाकू असला, तर तोही गंजतो. म्हणजे ज्यानं शंभर चाकू एका पेटीत नीट रांगेनं लावून वर झाकण घातलं, त्यानं एका आजाऱ्याबरोबर नव्याण्णव निरोग्यांना कोंडलं. सेल्युलॉइडची मूठ वेगळी ठेवायची, हवा खेळती राहील अशी. आणि आगीपासून लांब, ती भसकन पेटते.

चामड्याची म्यानंही तशीच. खिशात वागवायला ठीक. पण कमावलेल्या चामड्यात आम्लं आणि क्षार असतात, शिवाय ते ओलावा धरतं. त्यात चाकू वर्षभर पडून राहिला, की पात्यावर म्यानाच्या शिवणीचा ठसा गंजानं उमटतो. सांध्यात घातलेलं तेल वाळून चिकट होतं. हस्तिदंताला ऊन आणि कोरडी हवा लागली की तडे जातात. कोकणात किंवा गोव्यात राहणाऱ्यानं तर जून ते सप्टेंबर कपाट उघडूनच बघायचं. लाकडी कपाट पावसाळ्यात ओलावा पितं आणि चाकूला पाजतं. पातं पुसायचं, त्यावर मेणाचा पातळ हात द्यायचा. रेनेसान्स वॅक्स नावाचं एक मेण ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत १९५० च्या दशकात यासारख्याच कामांसाठी तयार झालं. ते जगभरचे संग्रहालयवाले वापरतात. एवढं करायची तयारी नसेल, तर ‘मी जपतोय’ असं म्हणू नये. तो चाकू नुसता पडून आहे.

[दृश्य: करड्या-निळ्या पात्याचा जुना चाकू. लिंबाची फोड.]

आता वापराकडे. गंज न धरणारं पोलाद शेफील्डमध्येच हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ साली केलं. त्याआधीचे सगळे चाकू साध्या कार्बन पोलादाचे, आणि नंतरचेही पुष्कळ. या पोलादानं लिंबू कापा, कैरी कापा, पातं करडं-निळं पडतं. नवखा माणूस घाबरून घासायला बसतो. घासू नका. तांबडा गंज पोलाद पोखरतो, हा काळसर थर मात्र पोलादाला धरून बसतो आणि तांबड्या गंजाला थोडाफार अडवतो. काम झालं की पातं पुसायचं, कोरडं करायचं, सांध्यात तेलाचा थेंब सोडायचा. भांड्यांबरोबर धुवायचा नाही. डब्याचं झाकण उचकटायला घ्यायचा नाही, कारण पट्टी आणि रिबिट आडव्या जोरासाठी केलेलीच नसतात. आणि ‘जरा देता का’ म्हणणाऱ्याला देताना तो काय उघडणार आहे, हे आधी विचारायचं.

मग कुठला वापरायचा आणि कुठला नाही? माझ्या मते किंमत बघून हे ठरवू नये. पात्याकडे बघावं. धारेवर साणेची एक जरी ओढ दिसली, तरी तो पुरावा आधीच फुटलेला आहे. राखायला काही उरलं नाही, खुशाल खिशात घाला. भावनेपोटी आजोबांचा अर्धा झिजलेला चाकू तिजोरीत ठेवणारे लोक मला कळत नाहीत. आजोबांनी तो काय ठेवायला झिजवला होता? पण जो चाकू कारागिराच्या हातून निघाल्यापासून दगडाला शिवलेला नाही आणि तो कारागीर आता हयात नाही, त्या चाकूनं आंबा कापायची हौस भागवू नये. आंबा दुसऱ्या कशानंही कापता येतो.

शेफील्डमध्येच एका माणसानं जपण्याचा अर्थ आणखी ताणला. केन हॉली. हत्यारांचं दुकान चालवणारे गृहस्थ, २०१४ साली वारले. कारखाने एकामागून एक बंद पडत होते तेव्हा त्यांनी तिथला माल तर गोळा केलाच, शिवाय माल करायची हत्यारं, अर्धवट घडलेले तुकडे, छापील यादीपत्रकं, जे भंगारात निघालं होतं ते सगळं उचलून आणलं. तो संग्रह आज केलहॅम आयलंड संग्रहालयात आहे. तिथे घडण्याच्या टप्प्यांवर थांबलेली पाती बघायला मिळतात. तयार चाकू कितीही चकचकीत असला, तरी तो कसा केला हे त्याच्याकडे बघून कळत नाही. या अर्धवट तुकड्यांकडे बघून कळतं.

[दृश्य: सांबरशिंगाची मूठ, खडबडीत तपकिरी पोत.]

मुठीबद्दल आपल्या बाजूनं एक सांगायला हवं. जगातले चाकूवाले ज्या शिंगासाठी वेडे होतात ते सांबराचं, आणि जुन्या मालात ते मुख्यतः भारतातून गेलेलं. सांबराची शिंगं गळून पुन्हा येतात. ती आतून भरीव असतात, गाभा बारीक, त्यामुळे मुठीला कातता येतात. १९९० च्या दशकाअखेर भारतानं ही निर्यात थांबवली आणि जुन्या सांबरशिंगी चाकूंचे भाव चढले. हस्तिदंताचं त्याहून कडक आहे. ब्रिटनचा २०१८ चा कायदा जून २०२२ मध्ये अमलात आला, आणि आता जुन्या चाकूवरचं हस्तिदंतही ठरावीक सवलतीत बसलं तरच विकता येतं. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापुढे हौस चालत नाही. तेव्हा परदेशातून शिंगाच्या किंवा हस्तिदंताच्या मुठीचा चाकू मागवण्याआधी कायदा वाचा. कस्टम्सनं जप्त केलेला चाकू ना वापरता येतो, ना जपता येतो.

[दृश्य: आजचा एक कारखाना. तरुण हात, जुना शेगडा.]

हातानं घडीचे चाकू करणारी माणसं शेफील्डमध्ये अजून आहेत, पण अगदी मोजकी. ब्रिटनमधली हेरिटेज क्राफ्ट्स ही संस्था संकटात सापडलेल्या हस्तकलांची लाल यादी काढते, तिच्यात या कामाचं नाव आलेलं आहे. हे लोक मोत्याच्या शिंपल्याचेच चाकू करतात असं नाही. साधी लाकडी नाहीतर म्हशीच्या शिंगाची मूठ, कार्बन पोलादाचं एक पातं, असा रोजचा मालही त्यांच्याकडे मिळतो. तो घेणाऱ्यानं मात्र कपाटाची किल्ली शोधू नये. पाच-सात वर्षं वापरून सैल पडलेला चाकू दुरुस्तीला परत आला, तरच घडवणाऱ्याला दिसतं की पट्टी कुठे घासली, रिबिट कुठल्या बाजूनं झिजली, पितळी अस्तर कुठे उघडं पडलं. पुढच्या चाकूत तो तिथे कानस वेगळी मारतो.