शेंग घ्या, पावडर नको

(लघुमाहितीपटाचं निवेदन)

[पडद्यावर : जांभळी नाका, ठाणे. सकाळ. दुकानांची शटरं वर जाताहेत.]

मासुंदा तलाव आणि कौपिनेश्वराचं देऊळ यांच्या शेजारचा हा बाजार. भाजी, फुलं, कडधान्य, पूजेचं सामान... ठाण्यातल्या घराला जे जे लागतं ते इथे अजून सुटं मिळतं. हातात घेऊन, निवडून, वजनावर. याच गर्दीत हे काष्ठौषधीचं दुकान. बाहेर पोत्यांची रांग, तोंडं गोल दुमडून ठेवलेली. हिरडा, बेहडा, वावडिंग, नागरमोथा. आणि कडेचं सगळ्यात फुगलेलं पोतं शिकेकाईचं.

[जवळून : हात पोत्यात कोपरापर्यंत जातो. शेंगांचा आवाज.]

चांगल्या शेंगेची पारख आधी कानाने होते. सुकलेली शेंग खुळखुळते, कारण आतली बी सुटलेली असते. मग डोळे. रंग तांबूस तपकिरी हवा; काळपट डाग म्हणजे ओल लागलेली. टाचणीच्या टोकाएवढं भोक दिसलं तर आत कीड आहे. आणि शेवटी बोटं.

[जवळून : शेंग मोडताना. कट्.]

अशी मोडली पाहिजे. नुसती वाकली तर घेऊ नये. ती गिरणीत चिकटते आणि डब्यात बुरशी धरते.

या नौपाड्यातल्या आत्या. सोबत त्यांची भाची. ती घोडबंदर रोडला राहते, ऐरोलीत नोकरीला आहे. दुकानदार तयार पावडरीचं पाकीट पुढे करतो, आणि भाचीला ते पटतंही.

"आत्या, हेच घेऊ ना. दळायची कटकट नाही."

"पावडर झाली की सगळं तपकिरीच दिसतं गं. त्यात काय गेलंय ते तुला कळणार आहे का? शेंग घे."

आत्यांचं हे म्हणणं आम्हाला मनापासून पटलं, आणि माहितीपटाला दिशा तिथून मिळाली. शाम्पू सोडून शिकेकाईकडे वळणारी माणसं आज पुष्कळ आहेत. पण त्यातली बरीचशी एक बाटली ठेवून दुसरं पाकीट उचलतात. पाकिटावर पान असतं, फूल असतं, हिरवा रंग असतो. आत काय आहे, हे तरीही दुसराच कोणीतरी ठरवतो. शेंग मात्र आपण मोडून बघू शकतो.

[पडद्यावर : शाम्पूच्या बाटलीची मागची बाजू. नाव पुसट केलेलं.]

भाचीच्या न्हाणीघरातली ही बाटली. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात शिकेकाई आणि आवळा. आता मागे या. घटक साधारणपणे प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. पहिलं पाणी. दुसरं सोडियम लॉरेथ सल्फेट. मग फेस वाढवणारं, दाटपणा देणारं, केसांवर गुळगुळीत थर बसवणारं. खाली जा... अजून खाली... हे बघा, इथे शिकेकाईचा अर्क. सुगंधाच्या शेजारी.

सल्फेट, म्हणजे शाम्पूतलं डिटर्जंट, हे काही विष नव्हे. ते तेल काढतं, आणि फार चांगलं काढतं. तेलाने माखलेल्या, धुळीने भरलेल्या डोक्याला ते उपयोगीच पडेल. प्रश्न रोजचा आहे. टाळूला स्वतःचं तेल असतं. ते रोज खरवडून काढायचं, मग केस कोरडे झाले म्हणून वरून कंडिशनर लावायचा, हा फेरा कुणाच्या सोयीचा आहे?

[पडद्यावर : टपरीवर टांगलेल्या शाम्पूच्या पुड्यांच्या माळा. वारा.]

कृत्रिम डिटर्जंटवर चालणारे शाम्पू अमेरिकेत १९३० च्या दशकात आले. आपल्याकडे ते बराच काळ बाटलीत, म्हणजे सांपत्तिक ऐपत असलेल्यांच्या कपाटात राहिले. दक्षिणेत पुडीची कल्पना निघाली, आणि १९८३ साली तमिळनाडूतल्या कडलूरहून 'चिक' शाम्पू बाजारात आला. पुढे शाम्पूची पुडी गावोगावच्या टपरीवर पोचली. शिकेकाई उकळायला चूल, कढई आणि सवड लागायची. पुडीला दात पुरे.

पुडी उरते मात्र मागे. थरावर थर चिकटवलेलं प्लास्टिक, भंगारवाला हात लावत नाही. नाल्यातून ते खाडीकडे जातं. याच ठाणे खाडीचा फ्लेमिंगो अधिवास २०१५ साली अभयारण्य झाला, २०२२ साली रामसर स्थळांच्या, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेला.

[पडद्यावर : नौपाडा. जुन्या इमारतीची गच्ची. जुनं लुगडं अंथरलेलं. दुपारचं ऊन.]

आता कामाला लागू.

हे सगळं उन्हाळ्यात करायचं. ठाण्याच्या पावसाळी हवेत शेंगेत ओल शिरली की तीन दिवस वाळवूनही जात नाही. आत्यांनी एप्रिल धरलाय. लुगड्याच्या एका टोकाला शिकेकाई, मधे रिठा, पलीकडे आवळकाठी. शेजारच्या ताटात नागरमोथ्याच्या काळ्या गाठी आणि कपूरकचरीचे पांढरे काप. वासाचं काम या दोघांचं. मेथीदाणे आहेत. हिवाळ्यात सोललेल्या संत्र्यांची सालं आहेत, तेव्हापासून दोऱ्यात ओवून ठेवलेली. आणि गच्चीतल्याच कुंडीतली जास्वंद, सावलीत सुकवलेली. जास्वंदीला ऊन दिलं तर ती कागदासारखी होते आणि तिचा बुळबुळीतपणा कमी होतो, असं आत्या सांगतात. केसांचा गुंता सुटतो तो त्या बुळबुळीतपणामुळे, म्हणून तो जपायचा.

[जवळून : वरवंट्याने रिठा फोडताना. काळी, गोल, चकचकीत बी उडते.]

रिठ्याची बी टाकून द्यायची. उपयोग सगळा सालीचा. सुरकुतलेली, मधाच्या रंगाची, बोटाला किंचित चिकटणारी ही साल. तिच्यात सॅपोनिन नावाचं द्रव्य असतं, शिकेकाईतही तेच. सॅपोनिनच्या रेणूचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं तेलाला. पाणी ओतलं की तेल सुटून वाहून जातं. शाम्पूतलं डिटर्जंटही हेच करतं. फरक जोराचा आहे. सॅपोनिनचा हात हलका आहे, त्याचा फेस कमी, आणि शिकेकाईचं पाणी किंचित आंबट प्रकृतीचं असतं. आपल्या टाळूची प्रकृतीही तशीच, जराशी आम्लधर्मी. आंघोळीचा साबण तिच्या उलट, अल्कधर्मी. साबणाने केस धुतले की ते फुलारतात आणि एकमेकांत अडकतात, ते त्यामुळे.

रिठा फेसाला जोरदार म्हणून काहीजण त्याचंच प्रमाण वाढवतात. आत्यांच्या हिशोबात किलोभर शिकेकाईला पावशेर रिठा, त्याच्यावर नाही. तो टाळू कोरडी करतो.

[पडद्यावर : मिक्सरचं भांडं. भाची झाकण उघडते.]

"मिक्सरमधून काढू का?"

"पातं जाईल गं. शिकेकाईच्या बियांनी मिक्सरची वाट लागते. गिरणीत नेऊ."

[पडद्यावर : गिरणी. पट्टा फिरतोय. कामगाराच्या नाकाला रुमाल.]

मिरचीच्या डंकावर शिकेकाई कांडायची नाही. मिरचीची पूड राहिली असेल तर ती डोक्यावर काय करेल याची कल्पना आलीच असेल. म्हणून या गिरणीत शिकेकाईला वेगळी चक्की आहे आणि वारही ठरलेला आहे, गुरुवार. त्या दिवशी गिरणीच्या समोरून जाणाराही शिंकतो.

[शिंका. हशा. भाची ओढणी नाकावर धरते. इथे निवेदन नाही.]

पहिली मूठ बाजूला काढतात. ती चक्की पुसते. मग खरा माल. एकदम मैद्यासारखं बारीक काढायचं नाही, रवाळ ठेवायचं. बारीक पूड केसांत बसते आणि चार वेळा पाणी घेऊनही निघत नाही. रवाळ असली की उकळून सरळ गाळता येते. गिरणीवाल्यांना हे सांगावं लागलं नाही. चक्कीचं चाक त्यांनी आपणहून सैल केलं.

घरी आल्यावर पुन्हा एक ऊन, कारण दळताना पूड तापते आणि वाफ धरते. गार झाल्यावर कोरड्या डब्यात. ओला चमचा घालायचा नाही, लोणच्याला जो नियम तोच.

[पडद्यावर : रात्र. स्वयंपाकघर. लोखंडी कढई.]

केस उद्या धुवायचे, तर तयारी आज रात्री. लोखंडी कढईत तीन मोठे चमचे पूड, दोन-अडीच तांबे पाणी. झाकण.

[जवळून, वेग वाढवून : रात्रभरात पाण्याचा रंग बदलताना. फिकट तपकिरी, गडद, काळाभोर.]

हे चित्र घेण्यासाठी कॅमेरा रात्रभर ओट्यावर होता. आवळ्यात आणि शिकेकाईत टॅनिन नावाचं तुरट द्रव्य असतं. त्याचा लोखंडाशी संयोग झाला की काळा रंग तयार होतो. पूर्वी हिरडा आणि हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, एकत्र करून शाई करायचे, ती याच तत्त्वावर. स्टीलच्या पातेल्यात हा रंग येत नाही. आत्यांच्या मते कढईचं पाणी केसांना जास्त मानवतं. पांढरे केस त्याने काळे होत नाहीत, फार तर किंचित छटा येते. हे सांगायला हवं, कारण कढईचा हा फोटो आला की पहिला प्रश्न तोच असतो.

सकाळी मंद आचेवर एक उकळी. जास्त उकळलं की दाट होतं, गाळताना फडक्यातून उतरत नाही. पंचाचा तुकडा, दुहेरी केलेला. पिळायचं, पण चोथ्याचा कण खाली येऊ द्यायचा नाही. फ्लॅटच्या न्हाणीघराची जाळी या चोथ्याने हमखास तुंबते, आणि मग घरातले सगळे शिकेकाईच्या विरोधात जातात. गाळूनच न्या.

[पडद्यावर : न्हाणीघर. स्टूल. भाची पाठमोरी, मान खाली. आत्यांच्या हातात तांब्या.]

केस आधी साध्या कोमट पाण्याने पूर्ण ओले. मग शिकेकाईचं पाणी थोडं थोडं, टाळूवर. बोटांच्या पेरांनी चोळायचं, नखांनी नाही. फेस येतो, पण शाम्पूसारखे ढग येत नाहीत. पांढरट, विरळ, लगेच बसणारा फेस. तेवढा पुरतो. डोळे गच्च मिटलेले हवेत. शिकेकाई डोळ्यांत झोंबते आणि रिठा त्याहून जास्त. गेलंच तर चोळत न बसता साध्या पाण्याचे भरपूर हबके मारायचे.

आदल्या रात्री तेल लावलं असेल तर ते बेताचं असू द्या. थबथबलेलं खोबरेल शिकेकाईने एका धुण्यात निघत नाही. आमच्या ओळखीत ज्यांनी ज्यांनी शिकेकाई सोडून दिली, त्यातल्या बहुतेकांची तक्रार हीच, केस चिकट राहिले. तेल अर्धं केलं असतं तर कदाचित सोडावी लागली नसती.

[पडद्यावर : घोडबंदर रोड. सोसायटीच्या फाटकात पाण्याचा टँकर. बादलीच्या कडेला पांढरी खर.]

ही भाचीची इमारत. या पट्ट्यातल्या कितीतरी सोसायट्यांना टँकर लागतो, आणि बोअरचं पाणी आलं की बादलीवर ही खर बसते. पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. अशा पाण्यात साबण केसांवर साय धरतो. शिकेकाई तशी साय धरत नाही, तरी शेवटचे दोन तांबे पिण्याच्या पाण्याचे घेता आले तर घ्यावेत. भाची तेवढंच करते.

[पडद्यावर : नौपाड्याची गॅलरी. आत्या मोठ्या दातांच्या फणीने भाचीचे केस विंचरताहेत. खाली रिक्षांचा आवाज. निवेदन नाही.]

[पडद्यावर : पूड डब्यात भरताना.]

बदल लगेच दिसत नाही. शाम्पू-कंडिशनरमधला गुळगुळीत थर उतरेपर्यंत केस राठ लागतात, आणि काही आठवडे ते सोसावं लागतं. रंगवलेल्या किंवा मुळात फार कोरड्या केसांना शिकेकाई मानवेलच असं नाही. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघा, खाज आली तर थांबा. केस मुठीने गळत असतील तर ते थायरॉईडमुळे, रक्त कमी असल्यामुळे, बाळंतपणानंतर, मोठ्या तापानंतरही गळतात. तिथे डॉक्टर.

आणि उकळलेलं पाणी साठवायचं नाही. एका दिवसात वापरायचं. फ्रिजमध्येही ते दोन-तीन दिवसांत आंबतं, कारण त्यात टिकवणारं काही घातलेलं नाही.

[पडद्यावर : जंगलाच्या कडेची पायवाट. काटेरी वेल झाडावर चढलेली.]

शिकेकाई हा वेल आहे. काटेरी, झाडाचा आधार घेत उंच जाणारा, सह्याद्रीच्या जंगलांतला. त्याच्या शेंगा प्रामुख्याने जंगलातून गोळा होतात. गौण वनोपजांना केंद्र सरकार किमान आधारभूत किंमत जाहीर करतं, त्या यादीत वाळलेली शिकेकाई आहे. म्हणजे शेंग विकत घेतली की पैशाचा काही भाग काट्यांतून हात घालणाऱ्या माणसापर्यंत जाण्याची निदान वाट तरी आहे. अख्ख्या शेंगेचा आग्रह धरण्याचं आमचं हे दुसरं कारण.

[पडद्यावर : प्रमाण, ओळीने.]

शिकेकाई एक किलो. रिठ्याची साल पाव किलो. आवळकाठी पाव किलो. नागरमोथा १०० ग्रॅम. मेथी १०० ग्रॅम. कपूरकचरी ५० ग्रॅम. संत्र्याची सालं आणि जास्वंद, घरात जमली असतील तेवढी. तेलकट केसांना मेथी कमी करा, कोरड्या केसांना रिठा अर्धा. दोघींना हे एवढं वर्षभर पुरतं. मे महिना उजाडायच्या आत दळून घ्या. त्यानंतर गिरण्यांमध्ये मसाल्याची गर्दी असते, आणि जूनमध्ये ऊन मिळत नाही.