मीटर बदलायला माणूस आला की...

नमस्कार मंडळी, काय म्हणताय, च्या झाला का? स्मार्ट मीटर पाहिजे का नको यावर आपल्या कोल्हापुरात मोर्चे निघाले, निवेदनं गेली, कट्ट्यावर तर अजून चालूच आहे, त्यात मी आज पडत नाही. पण ज्यांच्या घरी मीटर बदलतायत त्यांनी त्या अर्ध्या तासात काय बघायचं तेवढं सांगतो.

आलेल्या माणसाचं ओळखपत्र बघा, लाजू नका. जुना मीटर काढायच्या आधी त्याचा नंबर आणि रीडिंग दिसेल असा फोटो मोबाईलवर घ्या, नव्याचाही घ्या, आणि कागदावर सही मागितली तर आकडे जुळवूनच करा. मेन स्विच बंद, आणि इन्व्हर्टर पण बंद, हे लोक विसरतात. लाईट गेली की इन्व्हर्टर आपोआप चालू होतो, वायरिंगमध्ये गडबड असली तर करंट उलटा त्या पोराच्या हातात जातो की हो.

आता खरा मुद्दा न्यूट्रलचा, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरचा (करंट आणते ती फेज). थ्री फेज, म्हणजे तीन फेज वायरींचं कनेक्शन असेल आणि नव्या मीटरला न्यूट्रल ढिली राहिली, तर २३० व्होल्टच्या जागी काही प्लगांत चारशेच्या घरात व्होल्टेज जाऊ शकतं, मग टीव्ही, फ्रिज, चार्जर, जे लावलंय ते गेलं. म्हणून लाईट आल्याआल्या सगळं एकदम चालू करू नका, आधी एक बल्ब लावा, लई प्रखर किंवा लई मंद दिसला तर मेन पाडा आणि त्यालाच थांबवून दाखवा.

आणि आपल्या पेठांतल्या जुन्या वाड्यांचं दुखणं वेगळंच! भावाभावांत वाटण्या झाल्या, मीटर दोन झाले, पण न्यूट्रल आतनं एकच राहिली. जुन्या चकतीच्या मीटरला त्यातलं काही कळायचं नाही, हे नवे मीटर मात्र फेज आणि न्यूट्रल दोन्हीतला करंट बघतात, फरक दिसला की बरेच मीटर दोन्हीतला जो जास्त तोच बिलाला धरतात. मग बिल वाढलं की मीटरला शिव्या. बिलाचं जाऊ द्या, एका भावानं मेन बंद करून बोर्ड उघडला तरी त्या न्यूट्रलमधनं दुसऱ्याचा करंट चालूच असतो, तिथं जीव जातो. चांगला वायरमन बोलवून दोन्ही घरांची न्यूट्रल वेगळी करून घ्या, आणि आर्थिंग नळाच्या पाइपला बांधलेलं असेल तर तेही नीट करा.

स्क्रू ढिला राहिला की तिथं तापतं. पहिले काही दिवस संध्याकाळी भरपूर लोड असताना मीटरजवळ जरा उभं राहा, जळका वास, चरचर आवाज, काळपटलेली वायर, यातलं काही असेल तर सीलला हात न लावता महावितरणच्या १९१२ नंबरला फोन करा.

पंचगंगेकाठच्या मंडळींनी २०१९ आणि २०२१ चा पूर विसरू नका. पार्किंगमध्ये खाली मीटर असेल तर बदलतानाच वर घ्यायला सांगा, नंतर कोण येतंय.

मीटर पळतोय असं वाटलं तर मेन बंद करून बघा, मीटरवरचा लाल दिवा लुकलुकत राहिला तर तक्रार करा. मग मेन परत चालू करून, बाकी सगळं बंद ठेवून दीड हजार वॅटचा रॉड मोठ्या बादलीत वीस मिनिटं लावा, अर्धा युनिट पडायला पाहिजे. पाण्यात हात घालायच्या आधी प्लग काढा बरं का!

आणि हो, १ जुलै २०२५ पासून या मीटरवर सकाळी ९ ते संध्याकाळी ५ वापरलेल्या युनिटला ८० पैसे ते १ रुपया सवलत आहे, तेव्हा वॉशिंग मशीन आणि पाण्याची मोटर दुपारी लावा, आणि पहिलं बिल आलं की त्यातलं जुन्या मीटरचं शेवटचं रीडिंग त्या फोटोशी ताडून बघा.